जिऱ्याला शेवटचं पाणी

जिरं हे मोठं नखरेल पीक. रोप कोवळं असताना लाडानं पाणी मागतं आणि दाणा पिकायला आला की त्याच पाण्यानं मरतं. थोरलीला हे तिच्या बापानंच शिकवलं होतं. दाणा तळहातावर चोळून, नुसत्या वासावरून काढणीचा दिवस सांगणारा माणूस. आई गेली, धाकटी लग्न होऊन लांब गेली, थोरली बापाजवळच राहिली. अलीकडे तो चष्मा पिठाच्या डब्यात ठेवायचा, एकच गोष्ट चारदा विचारायचा. वय झालं, म्हणून दोघं बापलेक हसण्यावारी न्यायची.

काढणीला आठ दिवस उरले होते. ती पोती आणायला बाजारात गेली आणि दुपारी परतली तर पंप धडधडत होता. पिवळं पडत आलेलं अख्खं रान पाण्यात, आणि बांधावर फावडं घेऊन बाप उभा, खुशीत.

"किती तहानलं होतं गं बिचारं!"

"बाबा, काय करून बसलात हे!" ती किंचाळलीच. धावत जाऊन तिनं पंप बंद केला. मागे वळली तेव्हा त्यानं फावडं पाठीमागे लपवलं होतं.

पुढचे चार दिवस आभाळ भरून राहिलं. पाचव्या दिवशी रोपं काळी पडली. मूठभर दाणे घरी आणून तिनं गरम तेलात टाकले. फोडणीचा वास कसला, नुसता करपट धूर. गॅस बंद करून ती तिथेच खाली बसली.

संध्याकाळी ती रानात गेली तर बाप आधीच तिथं. दाणा चोळून त्यानं नाकाशी नेला आणि त्याचा चेहरा कठोर झाला. नजर लख्ख, पूर्वीसारखी.

"दाणा पिकल्यावर पाणी दिलंय याला. कुठल्या गाढवानं?"

खरं सांगितलं असतं तर आज त्याला सगळं कळलं असतं. तिला ते बघवलं नसतं.

"मी दिलं, बाबा."

"तू? जन्मभर काय शिकवलं मी तुला? हाततोंडाशी आलेलं पीक मारलंस!"

तो बोलत राहिला, ती मान खाली घालून ऐकत राहिली. कित्येक महिन्यांनी तो असा तोंडभरून रागावला होता. त्यानं थांबू नये, असंच तिला वाटत होतं. पण तो मध्येच अडखळला. रानाकडे बघत राहिला.

"याला पाणी द्यायचं राहिलंय का गं?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही, बाबा. चला घरी."

घरी त्याला खुर्चीत बसवून तिनं धाकटीला फोन लावला.

"बाबांना आता एकटं सोडता यायचं नाही," ती म्हणाली आणि खुर्चीतल्या बापाकडे बघत तिनं फोन तसाच कानाशी धरला. पलीकडून धाकटी नुसती "ताई, ताई" करत राहिली.