तिसरं मशीन

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा आर्विड थंड सर्व्हर-रूममध्ये नव्या मशीनचे स्क्रू आवळत होता. त्याची बायको लोरेटा गेली होती. तो "बरं" म्हणाला, उरलेले तीन स्क्रू आवळले आणि मग गाडी काढली.

सहा आठवड्यांनी तो घरी तिच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरपुढे बसला. शेजारी रेनाटा, लोरेटाच्या टीममधली. लोरेटाने टीमच्या क्लाउड-सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये केलेला शेवटचा बदल आजच्या आज तपासला गेला नाही, तर तो वगळूनच नवी आवृत्ती निघणार होती. त्यासाठी या एका कॉम्प्युटरच्या पोटात तीन खोटी, नुसत्या प्रोग्रॅमची मशीनं उभी करायची होती, क्लाउडला खरी लोखंडी वाटतील अशी.

"तू सरक, मी करते. अर्ध्या तासाचं काम आहे."

"तिनं सगळं लिहून ठेवलंय. मला वाचता येतं."

"वाचता येतं रे, पण टाइप करतोस कोंबडीसारखं."

लोरेटाही हेच म्हणायची. वर म्हणायची, तुझी मशीनं उचलायला दोन माणसं लागतात, माझी बघ, वजनच नाही.

दोन मशीनं चालू झाली. तिसऱ्यापुढे 'बंद' असंच दिसत राहिलं. आर्विड खुर्ची मागे सारून टेबलाखाली शिरला आणि प्लग चाचपू लागला.

"काय शोधतोयस?"

"वायर ढिली असेल."

"अरे बाबा, मशीनच नाहीये, तर वायर कुठली?"

रेनाटाने हसत लोरेटाने लिहिलेली पुढची सूचना उघडली. मग हळूच वाचली, "तिसरं उशिरा उठतं. आर्विड, टेबलाखालून बाहेर ये. जरा थांब."

तो लगेच बाहेर आला नाही. आला तेव्हा चष्मा हातात होता.

दोघं थांबले. शेजारणीने ओव्हनमध्ये भाजून दिलेलं बटाट्याचं हॉटडिश त्यांनी गार असतानाच खाल्लं. वीस मिनिटांनी तिसरं चालू झालं. दुपारी बदल तपासून झाला, पास झाला, आणि रेनाटाने तो पुढे पाठवला.

"झालं तिचं काम," ती कोट चढवत म्हणाली. "शेवटची पायरी तेवढी कर, म्हणजे कॉम्प्युटर ऑफिसला परत नेता येईल."

शेवटची पायरी एका ओळीची होती: तिन्ही मशीनं पुसून टाक.

आर्विडने शेजारणीचं भांडं घासलं, कोरडं केलं, परत नेऊन दिलं. कॉम्प्युटर अजून चालूच आहे. मशीनं पुसायची राहिली आहेत.