खोका मी फोडला

बजाजनगरात माझं मोबाइलचं दुकान आहे. ज्याला ऑनलाइन जमत नाय तो माझ्याकडं येतो, मी माझ्या फोनवरून मागवून देतो. आलेला खोका मीच फोडतो, व्हिडिओ काढत, चार लोकांसमोर. कारण एका बाईला मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी आली होती. तेव्हापासून माझा कायदा, बासितच्या दुकानातून बंद खोका बाहेर जाणार नाय. लोक म्हणायचे, बासितभाई इमानदार माणूस. मलाबी ते लई गोड लागायचं, खोटं कशाला बोलू?

कडूबा वाळूजला एका फाउंड्रीत वीस वर्षं होता. धुळीनं फुप्फुसं खाल्ली त्याची. डॉक्टर म्हणाले, घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा, दिवसाचे सोळा तास लागंल. तेव्हाच सेल लागला होता. लाल अक्षरात, पंज्याएवढं मोठं: 'दोन वर्षं गॅरंटी. चोवीस तासांत घरी येऊन दुरुस्ती.' खाली बारीक चौकोन, 'अटी मान्य'. मी टिक केली. रोज पन्नास वेळा करतो. कोण वाचतं हो? तुम्ही वाचता?

मशीन आलं तेव्हा कडूबा रिक्षानं दुकानात आला, बायकोचा, संध्यावहिनीचा हात धरून. स्टुलावर बसून धापा टाकत म्हणाला, "फोडा भाई. साबण निघाला तर आंघोळ तरी करतो." सगळे हसले. मी कटरनं पट्टी कापली, सील फाडलं, मशीन चालू केलं. नळी नाकाला लावली तसे त्याचे काळपटलेले ओठ हळूहळू लाल झाले. या अल्लाह, किती बरं वाटलं मला!

दीड महिन्यात मशीन बंद पडलं. सकाळीच वहिनी धावत आल्या. मी कंपनीला फोन लावला, तक्रार नोंदवली, भाड्यानं एक सिलिंडर आणून दिला. वहिनी म्हणाल्या, "घाटीत, सरकारी दवाखान्यात, भरती करू का?" मीच म्हणालो, "कशाला? उद्या माणूस येतोय, तसं लिहूनच दिलंय त्यांनी." उद्या कोणी आलं नाय. परवाबी नाय. तिसऱ्या दिवशी कंपनीनं खोका फोडतानाचा व्हिडिओ मागितला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? छाती फुगवून पाठवला.

दहा मिनिटांत उत्तर आलं. सेलमधल्या मशीनचं सील कंपनीच्या माणसानंच फोडायचं. दुसऱ्या कोणी फोडलं तर गॅरंटी रद्द. व्हिडिओत दुकानदार सील फोडताना दिसतो. तक्रार बंद.

मी तसाच पळत कडूबाच्या घरी गेलो. सिलिंडरचा काटा शून्याला टेकला होता. मी आणि वहिनींनी उचलून त्याला रिक्षात घातला आणि घाटीकडं निघालो. गोलवाडी फाट्याच्या पुढं तो गेला, माझ्या मांडीवर डोकं ठेवून.

हरामखोर! अरे, गॅरंटी लाल अक्षरात लिहिता, तर तिची अट लाल अक्षरात का नाय? त्याच जागी एक ओळ टाकली असती तर काय घर बुडत होतं का तुमचं? दोन आठवडे मी हेच ओरडत होतो, दुकानात, टपरीवर, भेटंल त्याच्यापुढं. लोक माना हलवायचे. कोणीच मला दोष दिला नाय.

तेरावं झाल्यावर संध्यावहिनी आल्या. काउंटरला धरून उभ्या राहिल्या.

"कुठं लिहिलं होतं, दाखवा."

मी फोन काढला. आधी एक बारीक बाण दाबला, मग 'आणखी वाचा', मग खाली सरकवत तिसरं पान. सतरावा मुद्दा. सरळ मराठीत होता. मी वाचून दाखवला आणि पुन्हा कंपनीला शिव्या घालायला लागलो, "बघा वहिनी, किती लपवलंय! असं कोणाला सापडणार?"

त्यांनी मला बोलू दिलं. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, "मला वाचता येत नाय, भाई. म्हणून तर तुमच्याकडं आलो होतो."