तार तुटली तेव्हा

दुपारच्या सरावात, गाण्याच्या मध्यावर तार तुटली, त्याने हात उचलला, आणि त्याची गिटार वाजतच राहिली.

स्पीकरमधून व्यवस्थित येत होती, अगदी तो वाजवायचा तशी. त्याने गिटारकडे पाहिलं, मग कीबोर्डवाल्याकडे. कीबोर्डवाला म्हणजे बँडचा मालक. तो लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून बसला होता.

"हे कोण वाजवतंय?"

"काका, तार बदला ना आधी. सहाला हॉल भरेल."

"मी काय विचारलं? कोण वाजवतंय?"

मग ते बाहेर आलं. सहा महिने झाले होते. ताल, गिटार, सगळं लॅपटॉपमध्ये आधीच भरून ठेवलेलं. ड्रमर लॅपटॉपमधून कानात येणाऱ्या टिकटिकीवर वाजवायचा आणि याच्या गिटारची वायर नुसती खोचलेली असायची, आवाज बंद.

"तुम्हाला तरी कुठे कळलं?" मालक म्हणाला. "उभे राहा, हात हलवा. स्टेज भरलेलं दिसतं."

बावीस वर्षं तो दुसऱ्यांची गाणी वाजवत होता, तीही मागे उभा राहून. दिवसभर शिलाई मशिनं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी कुणाचं लग्न, कुठल्या कंपनीचा समारंभ. टाळ्या पुढच्यांना मिळायच्या, त्याने कधी मागितल्याही नाहीत. बायको विचारायची, "यात तुमचं नेमकं कुठलं हो? मला तर काही ऐकूच येत नाही." तो म्हणायचा, "थांबलो की कळेल." आज थांबला होता, आणि कुणाला काही कळलं नव्हतं. हे त्याला झोंबलं. फार झोंबलं.

तो तार बदलायला विंगेत जाऊन बसला. तिथे गायिका होती, साठीची. आजचा तिचा शेवटचा कार्यक्रम. तिने स्वतःहून सोडायचं ठरवलं होतं, म्हणजे मालकाने तिला तसं ठरवायला लावलं होतं. हल्ली प्रत्येक कडव्याला ती मागे पडायची.

"वय झालं, दुसरं काय," ती म्हणाली. "सहा महिन्यांत दम पार गेला बघा."

सहा महिने! त्याचा हात खुंटीवर तसाच राहिला.

कडव्याआधी ती लांब श्वास घ्यायची, पहिल्यापासूनच. तो तेवढा हात रोखायचा, त्याच्याकडे बघून ड्रमर रोखायचा, आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं, गाणंच तसं आहे. गेले सहा महिनेही तो थांबत होता, पण त्याचं थांबणं कुणापर्यंत पोचतच नव्हतं. वर ड्रमर पळतो म्हणून त्या बिचाऱ्याला तो शिव्या घालत होता.

"ताई, दम नाही गेला. तो लॅपटॉप तुमच्यासाठी थांबत नाही." त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे मी म्हातारी झाले नाही?"

"झालात की. पण गाण्यात नाही."

ती हसली नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला मूर्ख बनवलं मेल्याने," ती म्हणाली.

सहाला हॉल भरला. पहिलं गाणं पुकारलं तेव्हा तो खुर्ची घेऊन सरळ पुढे आला आणि गायिकेच्या माइकजवळ बसला. गिटारला वायर नव्हती.

"काका, मागे व्हा," मालक दातओठ खात पुटपुटला. "नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"नाही येत. आज वाजवतो."

मालकाने लॅपटॉप सुरू केला. सुरुवातीचं संगीत संपलं, तिची ओळ आली आणि गेली. ती तोंड मिटून उभी. दुसरी ओळही गेली. लोक कुजबुजायला लागले, तेव्हा मालकाला ते बंद करावंच लागलं.

त्याने तारांवर हात टाकला. नुसत्या लाकडाचा बारीक आवाज, पण तिच्या माइकमधून शेवटच्या रांगेपर्यंत गेला. ती गायला लागली. ड्रमरने कानातलं काढून खिशात कोंबलं आणि त्याच्या मनगटाकडे बघत हळूच ठेका धरला. उद्या दोघांनाही इथे जागा नव्हती, हे त्याला पक्कं माहीत होतं. गेली उडत, त्याने मनात म्हटलं.

कडवं आलं. तिचे खांदे वर गेले. त्याने तळवा तारांवर दाबून धरला, ड्रमरही थांबला. तिला हवा तेवढा श्वास तिने घेतला, आणि मग गायली.