पायांचा नियम

आमच्या मेळाव्याला अध्यक्ष नव्हता, प्रमुख पाहुणा नव्हता आणि कार्यक्रमपत्रिकाही नव्हती. सकाळी फक्त एक कोरा फळा असणार होता आणि त्यावर खोल्यांचे आणि वेळांचे चौकोन. ज्याला काही सांगायचं असेल त्याने ते कार्डावर लिहायचं आणि रिकाम्या चौकोनात चिकटवायचं. आसपासच्या गावांमधली प्रोग्राम लिहिणारी मंडळी एका दिवसासाठी जमावीत आणि एकमेकांकडून शिकावीत, एवढाच बेत. नियम एकच. बसल्या जागी काही शिकायला मिळत नसेल तर उठायचं आणि पाय नेतील त्या खोलीत जायचं. उठणाऱ्याने लाजायचं नाही, बोलणाऱ्याने रागवायचं नाही.

कागदावर हे फार गोड दिसतं. अडचण अशी होती की जागा माझ्या मामाची होती.

मामाचा कॉम्प्युटर क्लास. आमच्या भागात ज्याला म्हणून प्रोग्राम लिहिता येतो तो मामाच्या हाताखालून गेलेला. त्याची पद्धत जगावेगळी होती. प्रोग्राम लिहायच्या आधी तोंडाने म्हणायचा, तोही अख्ख्या वर्गाने एका सुरात. ‘जर, कंस सुरू, वय मोठं अठरापेक्षा, कंस पूर्ण.’ जो ‘कंस पूर्ण’ म्हणायला विसरेल त्याने उभं राहायचं. मुलांनी त्याचं नाव कंसमामा ठेवलं यात त्यांची काही चूक नाही. पण सख्खी भाची मी, त्यामुळे टोमणे सगळे माझ्या वाट्याला आले.

मामाच्या तासाला कुणी मधेच उठून गेल्याची नोंद इतिहासात नाही. शिंक आली तरी मुलं आधी त्याच्याकडे बघत.

हा क्लास आता बंद होणार होता. “मुलं हल्ली व्हिडिओ बघून शिकतात,” एवढंच तो म्हणाला आणि खुर्च्या विकायला काढल्या. खुर्च्या जायच्या आधी एक दिवस जागा द्या, असं मी म्हटलं तर लगेच हो म्हणाला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आदल्या दिवशी आम्ही भिंतीवर नियम लावत होतो. मामा मागे हात बांधून उभा राहिला.

“वाचून दाखव.”

“समोरच आहे की, मामा. एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय.”

“कुठे आहे ते विचारलं का मी? वाच. खड्या आवाजात.”

जित्याची खोड, दुसरं काय. मी शाळकरी पोरीसारखा नियम वाचला.

“शिकवणाऱ्याच्या तोंडावर उठून जायचं?”

“हो.”

“आणि त्याने काय करायचं?”

“काही नाही. पुढे बोलायचं.”

मामाने थोडा विचार केला. “ठीक आहे. मीही एक कार्ड लावणार. ‘संगणकाचा इतिहास, भाग पहिला.’ तूच लिही, माझं अक्षर एवढ्याशा कार्डात मावत नाही.”

तेवढ्यात आईचा फोन आला. आपल्या भावाला कुठे काय खुपलं हे तिला दूरवर बसून कळतं. “त्याचा शेवटचा तास असेल तो,” ती म्हणाली. “त्यातून एक जरी माणूस उठला, तर गाठ माझ्याशी आहे.”

मेळाव्याच्या सकाळी फळा भराभरा भरला आणि मी हरखून गेले. एका कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरातलं एक कार्ड होतं. ते बोलकीचं. ती बाई दिवसभरात चार शब्दही बोलत नाही, म्हणून तिचं नाव बोलकी. पण तिने आपल्या भाषेत बोलणारा प्रोग्राम लिहिला होता. ज्यांना दिसत नाही त्यांना तो स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतो. महिनाभर मी तिच्या मागे लागले होते. ‘कोण येणार ऐकायला?’ हे तिचं पालुपद. ‘बाई, खोली भरेल, माझा शब्द,’ हे माझं. शेवटी दोन बस बदलून ती आली होती.

तिची आणि मामाची वेळ एकच होती.

घंटा झाली आणि सगळा मेळावा रांगेने मामाच्या खोलीत गेला. टक्कल पडलेले, पोरंबाळं असलेले, परदेशी कंपन्यांचे शर्ट घातलेले, सगळे. कुणी सांगितलं नव्हतं, पण जो तो आपापल्या जुन्या बाकावर बसला. दुसऱ्या खोलीत सर्व्हरची सुरक्षा समजावणारा गडी एकटाच बिस्किटं खात होता. छोट्या खोलीत बोलकी लॅपटॉप उघडून रिकाम्या खुर्च्यांसमोर उभी होती. मला बघून म्हणाली, “तुम्ही चुकून आलात का?”

आता ही लॅपटॉप मिटेल आणि पुन्हा कधी येणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. “आलेच,” म्हणून मी मामाच्या खोलीकडे धावले.

मामा रंगात आला होता. जुन्या काळच्या भोकं पाडलेल्या पंच्ड कार्डांपर्यंत पोचला होता आणि फळ्यावर आधीच्या ओळीवरच पुढची ओळ लिहीत होता, खालची वाचताच येऊ नये अशी. माझ्याबरोबर मेळावा भरवणारा आमचा एक मित्र आहे, त्याला सगळे बग म्हणतात. तो पहिल्या बाकावर मान डोलवत होता.

“ऊठ,” मी कुजबुजले. “तिकडे बोलकीच्या खोलीत काळं कुत्रं नाही.”

“तू ऊठ. मामा तुझा आहे.”

“नियम तू लिहिलास!”

“लिहिला. पाळायचं कुठे म्हटलं होतं?”

आईचा आवाज कानात घुमत होता. तरी मी खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. आता भरवसा सगळा पायांवरच.

“काय ग?” मामा थांबला.

“मामा, मला... मला इथे काही नवीन शिकायला मिळत नाहीये.”

बगने डोळे मिटून घेतले.

“मग कुठे निघालीस?”

“शेजारी. तिथे एक बाई स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम दाखवतेय. डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी.”

मामा मार्कर फळ्याच्या कडेवर ठेवायला गेला, पण कड हुकली आणि मार्कर खाली पडला. मामाने तो उचलला नाही.

“खरंय तुझं,” तो म्हणाला. “मलाही इथे काही शिकायला मिळत नाहीये.” आणि भिंतीला हात लावत लावत तो दाराबाहेर पडला.

मग सर निघाले म्हणून अख्खा वर्ग उठला आणि रांगेने त्याच्या मागे चालू लागला. बोळात मामा वळला.

“तुम्ही कुठे?”

“तुमच्या मागे, सर!”

“पाय कुणाचे आहेत?”

“आमचे, सर!” सगळे एका सुरात.

“मग त्यांना विचारा. मला काय विचारता?”

थोडे सर्व्हरवाल्याकडे वळले. त्याने घाईघाईने बिस्किटं लपवली. बाकीचे बोलकीच्या खोलीत घुसले. खुर्च्या संपल्या, मग भिंती संपल्या, मग दार भरलं.

मामा पहिल्या खुर्चीवर बसला आणि नाक स्क्रीनला टेकेल इतका पुढे वाकला. “मला अक्षरं दिसत नाहीत,” हजेरी द्यावी तसं तो म्हणाला. “वर्ष होत आलं. चालू कर.”

म्हणजे ते खड्या आवाजात वाचून घेणं, कार्डात न मावणारं अक्षर, ती ओळीवरची ओळ. आणि व्हिडिओ बघणाऱ्या मुलांचं ते निमित्त! मी त्याच्या खोडी मोजत बसले होते. मला फार लाज वाटली आणि रडूही आलं, पण दारात इतकी गर्दी होती की डोळे पुसायला हात वर काढता येईना.

बोलकीने कळ दाबली. लॅपटॉपमधल्या बाईने एक बातमी स्वच्छ वाचून दाखवली.

“प्रोग्राम वाचेल का ही?” मामाने विचारलं. “मला बातम्या नकोत.”

“तिथेच अडलंय,” बोलकी म्हणाली. “कंस आला की ही गप्प बसते. काय म्हणायचं, कुठे थांबायचं, कसा सूर लावायचा, मला ठरवताच येत नाहीये.”

दारात कुणीतरी फस्सकन हसलं.

“कोण हसलं? उभे राहा!” मामा मागे न बघता ओरडला. सगळे उभेच होते. “सांगा हिला.”

आणि टकलांसकट, पोरंबाळांसकट अख्खी खोली सुरू झाली, “जर, कंस सुरू, वय मोठं अठरापेक्षा, कंस पूर्ण!”

“हळू,” बोलकी टाइप करता करता म्हणाली. मामाच्या वर्गाला हळू म्हणणारी ती पहिलीच. “पुन्हा म्हणा. आतल्या कंसाला सूर बदलता का?”

“बदलतो,” मामा म्हणाला. “आतला कंस खालच्या पट्टीत.”

चहाची वेळ झाली, चहा गार झाला, कुणी हललं नाही. शेवटी बोलकीने पुन्हा कळ दाबली. लॅपटॉपमधली बाई धीटपणे म्हणाली, “जर, कंस सुरू, वय मोठं अठरापेक्षा,” आणि पुढच्या ओळीवर गेली.

“उभी राहा!” मामा गरजला.

बोलकी ताडकन उभी राहिली.

“तू नाही ग,” मामा लॅपटॉप चाचपत म्हणाला. “ही. तू बस. मला तुझ्याकडून शिकायचंय.”