सिमेंटखाली गेलेली पाखाडी

मी एक जुनी पाखाडी आहे. आहे म्हणजे काय, वरच्या चार पायऱ्या सोडल्या तर बाकीची सगळी सिमेंटखाली गाडलेली आहे. मालवणजवळच्या एका टेकडीवर आमची वाडी. तिथून खाली समुद्राच्या पुळणीपर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरत गेल्या होत्या, ती मी.

मित्रांनो, माझी एक रीत होती. ज्याच्या दारासमोर जी पायरी, ती त्याची. पावसाळ्यात शेवाळ धरलं की ज्याने त्याने नारळाच्या काथ्याळ सोडणाने आपापली पायरी घासायची. कुणी आळस केला तर शेजारीण त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. त्यामुळे भर आषाढातही माझ्यावरून कुणी घसरलं नाही.

वाडीतली हौसाबाई सत्तरीची झाली तरी रोज पहाटे पुळणीवर उतरायची आणि डोक्यावर मासळीची पाटी घेऊन वर यायची. मध्येच एका उंच चिऱ्यावर पाटी टेकायची, दम खायची, चार घरच्या चौकशा करायची आणि पुन्हा चढायला लागायची. लोक तिच्या पायांचं कौतुक करत. त्यातलं थोडं माझंही होतं, असं मी समजत असे.

२००४ साली तिच्या मुलाने, लवूने, मोटरसायकल घेतली. मग त्याला आईची दया आली.

"पायऱ्यो चढान आवशीचे पाय दुखतत," तो वाडीत सांगत फिरला. "सपाट उतार करूया. गाडी पण दारापर्यंत येतली."

"माझे पाय दुखतत म्हणान तुका कोणी सांगल्यान?" हौसाबाईने विचारलं.

"तू गप रव गो आये. तुझ्याच सुखासाठी करतंय."

पंचायतीने सिमेंट ओतलं. गाडीच्या आड येतो म्हणून तो उंच चिराही फोडला. आणि पहिल्याच पावसात त्या उतारावर जे काही साचलं, त्याची मला आजही किळस येते. हिरवं बुळबुळीत शेवाळ, त्यावर मासळीचं पाणी, त्यावर गुटख्याच्या पिचकाऱ्या! शी! घासायला एक माणूस पुढे आला नाही. हौसाबाईच्या समोर राहणाऱ्या आनंदीला कुणी हटकलं, तर ती म्हणाली, "पंचायतीन केल्यान ना उतार? मगे पंचायत घासतली." पंचायतीचं कोण सोडण घेऊन येणार होतं? दारासमोर घाण दिसत होती आणि सगळे तिच्या कडेकडेने नाक धरून जात होते. मला त्या घाणीपेक्षा त्या माणसांचीच शिसारी आली.

आषाढात हौसाबाई घसरली. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. लवूने तिला ओट्यावर बसवलं आणि पाटी माळ्यावर टाकली. बसून बसून तिच्या पोटऱ्या सुकल्या. घरातल्या घरात भिंत धरून चालायची वेळ आली, आणि लोक खुशाल म्हणू लागले, वय झालं!

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेला तिने हट्ट धरला, समुद्र बघायचाच. लवूने आणि मित्रांनी तिला खुर्चीत बसवून उचललं. उतारावर दोन पावलं टाकताच त्या धट्ट्याकट्ट्या पोरांचेच पाय सरकले. लवू घाबरून खुर्चीसकट बाजूच्या गवतात शिरला.

"माका खाली ठेव," हौसाबाई म्हणाली.

ती खुर्चीचा हात धरून उभी राहिली. पाय लटलट कापले आणि ती परत खुर्चीत कोसळली. लवू खाली मान घालून म्हणाला, "आये, परत पायऱ्यो घालून घेतंय."

"घाल," ती म्हणाली. "पण आता चढतला कोण रे?"

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसांच्या सुखासाठी वाट बदलायची असेल, तर आधी त्यांना विचारा. आणि ती चालत आहेत तोवर विचारा.