पाटीवरची रिकामी जागा

“आधी कान लाव, चिमणे. बिघाड आपणहून बोलतो.”

बाबांचा हा आवाज लहानपणापासून तिच्या कानात घर करून बसलेला. तेव्हा ती दुकानाच्या फळीवर पाय हलवत बसायची, बाबा उघड्या रेडिओवर वाकलेले असायचे, आणि डाग देताना वितळणाऱ्या कथलाचा वास दुकानभर पसरायचा. मुका रेडिओ आधी खाकरे, मग कुजबुजे, मग एकदम गाऊ लागे. तिला वाटे, गाणं बाबांच्या बोटांतूनच निघतंय.

आज त्याच फळीला टेकून ती शिडीवरच्या रंगाऱ्याकडे बघत होती. पाटीवर ‘दुरुस्ती केंद्र’ ताजं रंगवून झालं होतं. पुढची जागा रिकामी होती.

“पुढं काय म्हणालात?” रंगाऱ्यानं वरून विचारलं.

“‘आणि कन्या’,” बाबा खालून म्हणाले. हल्ली ते हात पाठीशी बांधूनच उभे राहत. “ठसठशीत येऊ दे. कॉम्प्युटरची पदवी घेतलीय तिनं, गंमत नाही.”

“ठसठशीतला पिवळा लागेल. आणतो.” रंगारी उतरून कोपऱ्यावरच्या दुकानाकडे गेला.

तेवढ्यात शिंपीणकाकू आपला कॉम्प्युटर न्यायला आल्या. “अगं, नुसता खोका झाला होता, तू जीव घातलास त्यात! बापाचा गुण उतरलाय हो हाताला.”

ती खाली मान घालून कॉम्प्युटरच्या खोक्याला दोरी बांधत राहिली. काकू गेल्या, पण त्यांचं कौतुक काही दुकानातून हलेना.

पदवीच्या पहिल्याच वर्षी तिला कळून चुकलं होतं की तिथे कुणी हातात स्क्रूड्रायव्हर देत नाही. पण तोवर बाबांनी दुकानातलं दुसरं टेबल तिच्यासाठी रिकामं करून वर दिवा टांगला होता. सगळी गल्ली आपले बंद पडलेले कॉम्प्युटर घेऊन येऊ लागली. तिला नाही म्हणवेना. मग ती ते सायकलला बांधून मंडईमागच्या चष्मेवाल्या मेकॅनिककडे नेई. तो दुरुस्त करी, ती परत आणी आणि शाबासकी निमूट गिळी. आता दूरच्या गावी पुढे शिकायला जागा मिळाली होती. तेही ओठांशी येऊन अडलं होतं. रंगारी परतला की दोन शब्द पाटीवर चढणार, आणि मग कुठल्या तोंडानं जायचं?

“बाबा, रंगाऱ्याला नको म्हणा.”

“का? नुसतं ‘कन्या’ नको? नाव घालू?”

“मला दुरुस्ती येत नाही, बाबा. मी एकही कॉम्प्युटर उघडलेला नाही. सगळे त्या चष्मेवाल्याकडे नेत होते.” एवढं सुटलं तसं उरलेलंही सुटलं. “आणि मला पुढं शिकायला जायचंय. जागा मिळालीय.”

बाबा स्टुलावर बसले.

“दुरुस्ती शिकवतच नाहीत?”

“नाही.”

“मग इतकी वर्षं करत काय होतीस? माशा मारत होतीस?”

रडू येत असताना तिला हसू आलं. “मोठं काम बारीक बारीक तुकड्यांत कसं फोडायचं, ते शिकवतात. ते यंत्राला न चुकता करता येईल असं कसं सांगायचं, ते. आणि यंत्राला काय कधीच जमणार नाही, तेही.”

“न जमणाऱ्याची पदवी? ती तर आम्हाला घरबसल्या मिळते.”

“ऐका तर. समजा, मला एक यंत्र हवंय. कुठलाही प्रोग्राम दिला की ते आधीच सांगेल, हा काम संपवून थांबणार, की तसाच गरगरत राहणार. असं यंत्र होऊच शकत नाही. अजून कुणाला सुचलं नाही म्हणून नव्हे. कधीच कुणाला जमणार नाही, हे सिद्ध करता येतं. सरांनी ते फळ्यावर मांडलं, त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नव्हते. आठवतं?”

“आई म्हणाली होती, पोरीचं काहीतरी बिनसलंय.”

“बिनसलं नव्हतं. आनंद झाला होता, बाबा. तसलाच आनंद शोधायला जायचंय.”

बाबा कान लावून ऐकत होते, पूर्वी रेडिओला लावत तसा.

“म्हणजे कारागीर कितीही पक्का असला, तरी?”

“तरी.”

“आणि त्यात त्याचा दोष नाही?”

“त्याचा कसला दोष?”

रंगारी पिवळ्याचा डबा हलवत परतला. शिडीवर चढला, कुंचला बुडवला आणि थांबला. “लिहू ना?”

बाबांनी पाठीमागचे हात सोडवले आणि तिच्यासमोर, फळीवर ठेवले. उघड्या फळीवर ती बोटं थरथरत होती. वाऱ्यावरची पानं थांबतील, ती थांबेनात.

“जा, चिमणे,” ते म्हणाले. “डाग जागेवर बसत नाही माझा. रेडिओ मीही त्याच चष्मेवाल्याकडे पाठवतो. पाटी उतरवावी लागू नये, म्हणून तुला तिच्यावर चढवत होतो.”