वकीलबाईंच्या नावाने आलेली मेल

कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव होतं, पण ताईच्या पाठची म्हणून घरात ती बारकी झाली आणि तिशी उलटली तरी बारकीच राहिली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, समोर आरसा धरायचा आणि टक्कल पडलेल्या माणसालाही 'काका, यात तुम्ही अगदी कॉलेजातले दिसता' असं बिनदिक्कत सांगायचं, हे तिला झकास जमे.

त्या सकाळी शटर वर करून ती काचेची कपाटं पुसत होती, तेवढ्यात फोनवर मेल आली. पाठवणाऱ्याच्या जागी वकीलबाईंचं नाव, शेजारी काळ्या कोटातला त्यांचा फोटो. या वकीलबाई ताईची केस चालवत होत्या. भाऊजींनी ताईचा हात पिरगळून मोडला, त्यानंतर ती लेकीला घेऊन जी निघाली ती परत गेलीच नाही. दुसऱ्या गावी तिने खोली घेतली आणि एका हॉटेलच्या धुलाईखान्यात काम धरलं. तिच्या आसपास फिरकायला कोर्टाने भाऊजींना मनाई केली होती. ताई कुठे राहते हे फक्त दोघींना ठाऊक होतं, वकीलबाईंना आणि बारकीला.

मेलमध्ये लिहिलं होतं, 'फाईल हलवताना तुमच्या बहिणीच्या पत्त्याचं पान गहाळ झालं आहे. सध्याचा पत्ता आणि मुलीच्या शाळेचं नाव ताबडतोब कळवा. आजच अर्ज दाखल करायचा आहे. मी कोर्टात आहे, फोन करू नका.'

वकीलबाईंचं पान हरवलं? बारकीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली खरी, पण त्याच वेळी एक आजोबा मोडलेली दांडी घेऊन दारात उभे राहिले. 'थांबा हं आजोबा,' असं म्हणत तिने उभ्याउभ्याच ताईचा पत्ता लिहिला, गुंडीच्या बालवाडीचं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं. गुंडी म्हणजे ताईची लेक. मग ती दांडीच्या स्क्रूमागे लागली.

जेवणाची वेळ व्हायच्या आत वकीलबाईंचा फोन आला.

"अगं, पुढच्या तारखेला तुला साक्षीला यावं लागेल. दुकानातून सुट्टी काढून ठेव."

"काढते. आणि बाई, सकाळी पत्ता पाठवलाय. मिळाला ना?"

"कसला पत्ता?"

"ताईचा. तुम्हीच मागितलात ना मेलवर? पान हरवलं म्हणून."

मग बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुला मेल केलेली नाही. फोन ठेवू नकोस. ती मेल उघड आणि माझ्या नावावर बोट दाब. नावाखाली पत्ता उघडेल. एकेक अक्षर वाच."

बारकीने नावावर बोट दाबलं. खाली बारीक अक्षरांत पत्ता उघडला. पहिल्या नजरेला तो वकीलबाईंचाच होता. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. बाईंच्या आडनावात जिथे इंग्रजी 'एम' हवा होता, तिथे 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरं एकमेकांना अशी खेटून बसली होती की लांबून 'एम'च वाटावा.

"बाई, यात 'एम' नाहीये. 'आर' आणि 'एन' आहेत," ती म्हणाली.

"माझ्या नोटिशीवर माझी मेल छापलेली असते. नोटीस तुझ्या भाऊजींनाच गेली होती," वकीलबाई म्हणाल्या. "वेबसाइटवरून फोटो उचलायला काय लागतं! ऐक, रडू नकोस. मी ताईच्या गावच्या पोलिसांना फोन लावते. तू ताईला गाठ. आणि ती मेल पुसू नकोस, काही झालं तरी."

बारकीने ताईला फोन लावला. ताईचा फोन बंद लागला. लागणारच होता. धुलाईखान्यात आत शिरताना फोन कपाटात ठेवून घेत. तिने हॉटेलात फोन लावला. तिथल्या माणसाने नम्रपणे सांगितलं, की निरोप पोचवतो, पण धुलाईखाना मागच्या इमारतीत आहे, जरा वेळ लागेल.

"वेळ नाहीये हो!" बारकी इतक्या मोठ्याने ओरडली की फ्रेमा बघणाऱ्या बाईंनी हातातली फ्रेम खाली ठेवली.

मग तिला सुचलं ते तिने केलं. भाऊजी ज्या गोदामात हिशेब बघत, तिथे फोन करून ते आहेत का असं विचारलं.

"ते आज रजेवर आहेत," पलीकडून उत्तर आलं. "सकाळी आले होते, पण तासाभरातच गाडी काढून गेले. घरचं काही अर्जंट काम निघालं म्हणे."

बारकी मटकन स्टुलावर बसली. त्या गावचा रस्ता काही फार लांबचा नव्हता. दुकानाच्या मालकांनी, चष्मेवाल्या काकांनी, तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला, पण तिला तो तोंडाला लावता येईना.

आणि तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. वकीलबाईंचं नाव, तोच काळा कोट, तेच हसू.

'धन्यवाद. मुलीला शाळेतून घ्यायला कोण जातं आणि किती वाजता, तेही कळवा.'

बारकीने फोन काउंटरवर टाकला, जणू तो चावला असावा. त्या फोटोमागे कोण बसलंय हे आता तिला माहीत होतं. कुठेतरी रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून तो माणूस तिच्या उत्तराची वाट बघत होता. तिने खऱ्या वकीलबाईंना फोन लावून मजकूर वाचून दाखवला.

"गप्प बसलीस तर त्याला संशय येईल," बाई म्हणाल्या. "'ताईला विचारून कळवते' एवढंच लिही. त्याला थांबू दे."

बारकीने तेवढंच लिहिलं. उत्तर लगेच आलं.

'तिला विचारू नका. ती उगाच घाबरेल.'

हे वाक्य बारकीच्या ओळखीचं होतं. पूर्वी ताईच्या घरी जावं, दार वाजवावं, आणि भाऊजींनी फटीतून तोंड काढून हेच म्हणावं: आत्ता नको भेटूस, ती उगाच घाबरेल. किती वेळा तरी ऐकलं होतं तिने हे. आणि प्रत्येक वेळी माघारी फिरली होती.

आता राहिली बालवाडी. तिथला नंबर शोधताना तिची बोटं भलतीकडेच पडत होती. शेवटी चष्मेवाल्या काकांनी नंबर लावून दिला. बालवाडीच्या बाईंनी फोन उचलला. मागे पोरांचा कलकलाट चालला होता.

"मी गुंडीची मावशी बोलतेय. तिचे वडील तिला न्यायला येतील. त्यांच्याकडे देऊ नका तिला! हात जोडते."

"तुम्ही मावशी कशावरून?" बाईंनी विचारलं.

"अहो, खरंच मावशी आहे मी! तिच्या आईला विचारा."

"आईचा फोन लागत नाही. आणि फोनवर कोणीही काहीही सांगू शकतं. मला कसं कळणार तुम्ही कोण?"

बारकीला रडू कोसळलं. ती काहीतरी बोलत राहिली. कोर्टाचं, मोडलेल्या हाताचं, मेलचं. बाईंनी ते पुरं ऐकून घेतलं.

"रडू नका," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नियम साधा आहे. ज्याचं नाव आईने लिहून दिलंय, त्याच्याच हातात पोर जाणार. वडिलांचं नाव आईने दिलेलं नाही. तुमचंही दिलेलं नाही. तुम्ही आलात तरी मी देणार नाही."

एरवी एवढं तोडून कोणी बोललं असतं तर बारकी फणकारली असती. आज तिला वाटलं, धावत जाऊन त्या बाईंचे पाय धरावेत.

पुढचा सगळा वेळ ती फोन हातात घट्ट धरून बसून होती. काकांनी दुकानाचं दार लावून घेतलं होतं. रस्त्यावर नेहमीसारखी माणसं येत-जात होती, समोरचा न्हावी कुणाची तरी दाढी करत होता. हे सगळं असंच चालू कसं राहू शकतं, हे तिला कळेना. फोन वाजला की ती दचकायची, आणि वाजला नाही की त्याहून जास्त भीती वाटायची.

अखेर ताईचा फोन आला.

"गुंडी माझ्याजवळ आहे," ताई म्हणाली. आवाज कोरडा होता. "तो आला होता."

नंतर कळलं ते असं. भाऊजी बालवाडी सुटायच्या आधीच फाटकाशी हजर झाले. हातात हे एवढं मोठं कापडी अस्वल. बाईंना म्हणाले, बायकोनेच पाठवलंय. बाईंनी कडी काढली नाही. आधी ते गोड बोलले, मग फाटक गदागदा हलवू लागले. आत पोरं रडायला लागली. गुंडी मात्र रडली नाही. आवाज ओळखून ती आपण होऊन चटयांच्या मागे जाऊन लपली. पोलिसांची गाडी आली तेव्हा भाऊजी त्यांना फोनवरची मेल दाखवू लागले, की बघा, पत्ता मला घरच्यांनीच दिलाय. कोर्टाचा आदेश मोडला म्हणून त्यांना तिथून थेट ठाण्यात नेलं. हॉटेलातला निरोप मिळून ताई धावत आली ती त्यानंतर.

बारकी मिळेल ती बस पकडून ताईच्या गावी पोचली. ताई सामान बांधत होती. सामान ते काय, दोन बॅगा आणि एक शेगडी. वकीलबाईंनी दुसरीकडे राहायची सोय केली होती. तो आज ना उद्या जामिनावर सुटणार, आणि ही खोली आता त्याला माहीत झाली होती.

"ताई, मला वाटलं की खरंच त्यांचीच मेल आहे. फोटो होता, नाव होतं..."

"माहितीय."

"फोन करू नका लिहिलं होतं, तिथेच मला कळायला हवं होतं."

ताईने कपड्यांची घडी घालायची थांबवली. "बारके, तू मुद्दाम केलं नाहीस. मला राग नाही आला." ती खाली बसली. "पण दुपारपासून माझे पाय लटपटतायत. अजून थांबलेले नाहीत. बघ."

बारकीने ताईच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा खरंच थरथरत होता.

"नवा पत्ता..." बारकी म्हणाली आणि तिथेच अडखळली.

"तुला नाही सांगणार. आता नाही."

बारकीने मान हलवली. तिने हट्ट केला नाही. बॅगा रिक्षापर्यंत तिनेच उचलून नेल्या. गुंडी मागच्या सीटवरून बघत होती. तिने टाटा केला नाही.

त्यानंतर भाऊजींवर खटला उभा राहिला, आणि न पुसलेल्या त्या मेल वकीलबाईंनी कोर्टात दाखल केल्या. बारकीने साक्ष दिली. समोर भाऊजी बसले होते म्हणून साक्ष संपेपर्यंत ती खालीच बघत होती, पण एकेक अक्षर तिने नीट सांगितलं. अजूनही मेलचा आवाज झाला की ती हातातलं काम बाजूला ठेवते. आधी ती नावावर बोट दाबते, पत्ता पुरा वाचते, आणि तरीही समोरच्याला फोन करून विचारते. लोक वैतागतात. वैतागू देत.

ताई अधूनमधून फोन करते. एकदा बोलता बोलता ती आपणहून म्हणाली, "इथे खिडकीतून पाणी दिसतं गं. गुंडी तासन् तास बघत बसते."

कुठलं पाणी, हे बारकीने विचारलं नाही.